पळसाच्या पानावरचा मासा

चामोर्शीच्या बाजारात मासे विकणारी ती बाई मला दर आठवड्याला भेटते. भुवयांत आणि नाकाच्या कडेला कातडीचे तेलकट खवले, म्हणून पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. मासा ती गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, पळसाच्या पानावर ठेवून पुढे सरकवते. मला याचा संताप येतो. हा रोग कोंड्याचाच चिवट भाऊ आहे, कुणापासून कुणाला लागत नाही, हे आम्ही दवाखान्यातल्या लोकांनी पत्रकं छापून गावोगाव सांगितलं. लोक तरी तिच्या टोपलीपासून लांबच उभे राहतात.

तिचं मोहाचं तेल चोपडणं मीच थांबवलं. दवाखान्यातला शाम्पू लावून, थोडा वेळ ठेवून धुतल्यावर खवले कमी झाले. हिवाळ्यात पुन्हा येतील, असं सांगितलं तर म्हणाली, "मंग हा रोग नाई भाऊ, जवाई आहे. येते, राह्यते, जाते."

परवा एका गिऱ्हाईक बाईनं नाक मुरडलं. "तोंडाले काय झालं वो तुह्या?"

मी पत्रक काढणार, तोच हिनं पदर मागं सारला. "कोंडा आहे, बाई. लागत असता तं माह्या नवऱ्याले नसता लागला?" आणि पानाशिवाय, हातानंच मरळ मासा तिच्यापुढे धरला.

ती बाई मासा न घेताच निघून गेली. हिनं पदर मात्र पुन्हा ओढला नाही. बाजार उठेपर्यंत उघड्या चेहऱ्यानं गिऱ्हाइकांना हाका मारत बसली.