छापा पुन्हा आला तेव्हा

गौरवी गोव्यातल्या लाटंबार्सेची. डी.एल.एड.च्या शेवटच्या वर्षाला सराव पाठांसाठी तिला पेडण्यातली, मोपा विमानतळाच्या पठाराखालची शाळा मिळाली. घरून यायचं तर बस बदलावी लागे आणि पहिली चुकली की प्रार्थना हुकलीच. म्हणून तिने शाळेजवळ गंगामावशींच्या घरामागची खोली घेतली. मावशींना कमी ऐकू यायचं. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावून त्या आत जात, मग गौरवीशी बोलायला कोणी उरत नसे. अधूनमधून डोक्यावरून एखादं विमान उतरायचं, तेवढाच आवाज. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. वडील सगुण डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीचे पहारेकरी. ती मोकळी होई तेव्हा ते कामावर निघालेले असत. फोनवरचं बोलणं "जेवलंस मगे?" याच्या पुढे फारसं जात नसे.

मराठीचे पाठ तिचे छान झाले. मग मार्गदर्शक शिक्षिका कमलाक्षीबाईंनी तिला सातवीच्या गणितातला घटक दिला: माहितीचं व्यवस्थापन आणि संभाव्यता. शाळेत असताना परीक्षेत यावरचा प्रश्न गौरवी सरळ सोडून द्यायची. स्तंभालेख कसाबसा जमायचा, पण 'शक्यता किती' असं विचारलं की तळहात ओले होत आणि दुसरा आकडा वाचेपर्यंत पहिला डोक्यातून निसटे. अकरावीला कला शाखा घेतली तेव्हा गणिताने पाठ सोडली असंच ती समजून चालली होती.

"बाई, दुसरा घटक नाही का चालणार?"

"उद्या टीचर झालीस की पोरांनाही असंच सांगशील?" बाई रागावल्या नव्हत्या, म्हणून तिला जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

पाठाच्या दिवशी स्तंभालेख पार पडला. नंतर नाणं उडवायचं होतं. मुलं एकेक करून उडवू लागली आणि ओळीने छापाच येत राहिला. वैशाली उठून उभी राहिली. तिचे आईवडील बेळगावकडून बांधकामावर आलेले.

"टीचर, इतक्या वेळा छापा आला, म्हणजे आता काटा येणारच ना?"

"येणारच," गौरवी म्हणाली.

मागच्या बाकावर बसलेल्या बाईंनी मान वर केली. नाणं पडलं. पुन्हा छापा. वर्ग हसला, आणि गौरवीला पुढचं वाक्यच आठवेना. ती फळ्याकडे तोंड करून, खडू हातात धरून नुसती उभी राहिली. शेवटी बाईंनीच पुढे येऊन तास संपवला.

"नाण्याला मागचं काही आठवत नसतं, गौरवी," शिक्षकांच्या खोलीत त्या म्हणाल्या. "दर वेळी छाप्याची आणि काट्याची शक्यता सारखीच. सोमवारी पाठ पुन्हा घे."

रविवारी ती घरी गेली नाही. वडिलांना सुट्टी नव्हती आणि रिकाम्या घरात जाऊन करायचं काय? दुपारी ती खोलीच्या पायरीवर नाणं घेऊन बसली. बाईंचं म्हणणं तिला कळलं होतं, पण मन ते घेत नव्हतं. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच सांगितलं होतं, "इतकं सोसलंत, आता तुमचं बरंच होणार." ते तिने खरं धरलं होतं. या खोलीत एकटीने जेवतानाही ती त्या बऱ्याचीच वाट बघत होती, जणू आता पाळी त्याची होती. तसं काही नसतं हे नाणं सांगत होतं. तिला रडू आलं, आणि अडवायला कोणी नव्हतं म्हणून ती पोटभर रडली.

मग तोंड धुऊन तिने पुन्हा नाणं उडवलं आणि कागदावर ताळ्याच्या खुणा करत गेली. सुरुवातीला एकच बाजू भराभर वाढली. पण खुणा वाढत गेल्या तसे दोन्ही स्तंभ जवळजवळ बरोबरीला आले, मधे कुठे काटा ओढूनताणून आणावा लागला नाही. हात कोरडे आहेत हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

सोमवारी तिने वर्गाला आधी सांगून टाकलं, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं होतं." मग मुलांचे गट केले. प्रत्येक गटाची बेरीज वेगळी, वेडीवाकडी; सगळ्यांची फळ्यावर एकत्र केली तेव्हा मात्र दोन्ही स्तंभ सारखेच उंच दिसू लागले.

"मग आमच्या गटाला एवढे छापे का आले?" वैशालीने विचारलं.

"आले, एवढंच. म्हणून पुढे काटा यायलाच हवा असं नाही. येऊही शकतो."

"म्हणजे दर वेळी नवीनच?"

"दर वेळी नवीन."

मधे एकदा खडू बोटांत ओला झाला. तरी तास तिने स्वतःच संपवला.

"पुढचा घटक अपूर्णांकांचा आहे," बाहेर पडताना बाई म्हणाल्या. "घेशील?"

"घेते." इतक्या सहज कसं बोलून गेले, याचं तिलाच नवल वाटलं.

मुलं खेळायला पळाली. रिकाम्या वर्गात ती फळ्यावरचे स्तंभ बघत थोडा वेळ उभी राहिली. हे कोणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं, पण सांगावं असं जवळ कोणी नव्हतं. पुढचा तास हिंदीचा होता. तिने डस्टर घेतला आणि ती फळा पुसायला लागली.