हिल्डानं उचललेलं पिल्लू

हिल्डानं पिल्लू उचललं. हिल्डानं!

आमच्या सॉल्टगेट गावात ही बातमी पसरली तेव्हा लोक आधी हसलेच. कारण ही गोष्ट खरी असूच शकत नव्हती. चर्चच्या पाद्र्यानं दानपेटी फोडली असं कुणी सांगितलं असतं तर एक वेळ पटलं असतं. पण हिल्डा थॅक्स्टर? जिनं एकवीस वर्षं दर नोव्हेंबरला पिवळं जाकीट चढवून, किनाऱ्यावरच्या दोरीशी उभं राहून, आल्यागेल्याला एकच गोष्ट सुनावली की सीलच्या पिल्लाला हात लावायचा नाही, ती?

बाई सहासष्टची. बाप खेकडे धरणारा कोळी. सील म्हणजे जाळी फाडणारे चोर असं त्याचं ठाम मत, दिसला सील की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. त्याच बापाची ही पोरगी. पंधराव्या वर्षी खेकडे सोलायच्या शेडमध्ये लागली, मग वॉलीशी लग्न करून त्याच्या 'कॉकल इन'च्या स्वयंपाकघरात आली. खाली पब, वर चार खोल्या. उन्हाळा संपला की गाव ओस पडायचं. मग करड्या सीलच्या माद्या पिल्लं घालायला आमच्या किनाऱ्यावर यायला लागल्या आणि त्यांच्या मागोमाग गळ्यात दुर्बिणी अडकवलेले पाहुणे. आधी चार दिवस आतल्या रानात हरणांची झुंज बघायची, तिथल्या खेड्यात राहायचं, आणि शेवटचे दोन दिवस कॉकल इन. नाश्त्याला भाजलेला मासा, आणि सोबत हिल्डाच्या गप्पा.

त्या गप्पांसाठीच तर लोक परत परत यायचे! हिल्डा प्रत्येक मादीला तोंडावरून ओळखायची. ही भांडकुदळ, ही आळशी, ही पहिलटकरीण. आणि सगळ्यांत लाडकी मेबल. कधीकाळी जाळ्याचा दोर मानेत रुतला होता, त्याचा गोल वण मानेभोवती. अकरा वर्षं मेबल एकाच जागी पिल्लू घालायची, वाळूच्या टेकडीखालच्या खळग्यात.

"अकरा वर्षं मैत्री आहे," वॉली बारमागून पाहुण्यांना सांगायचा, "पण एकदा तरी हिला जेवायला बोलावलंय का तिनं? विचारा."

"तुझ्यापेक्षा तिचं तोंड बरं दिसतं सकाळी," हिल्डाचं उत्तर तयारच असायचं.

त्या दिवशी सकाळी आठलाच क्लाइव्ह मिंडम दारात. क्लाइव्ह म्हणजे किनाऱ्याच्या राखणदारांचा म्होरक्या. निवृत्त पोस्टमन, सावकाश बोलणारा, सावकाश चालणारा, सगळंच सावकाश.

"हिल्डा, एक मादी मेलीय. पाण्याच्या रेषेवर पडलीय. मानेला वण आहे."

हिल्डा कढई गॅसवर तशीच टाकून धावली.

मादी वाळूत पालथी पडली होती. तोंडाचं समुद्रपक्ष्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. पण मानेभोवती गोल वण. स्पष्ट. हिल्डानं एकदा बघितलं. एकदाच!

"मेबल," ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

"नीट बघ गं," क्लाइव्ह म्हणाला. "वण काय एकीलाच असतो? जाळी समुद्रभर पसरलीत."

"मला शिकवतोस? मला?"

तिथून ती तडक खळग्याकडे. तिथं मेबलचं पिल्लू एकटं. तीन दिवसांचं, पांढरं शुभ्र, नाळेचा गुलाबी तुकडा अजून लोंबतोय. तोंड वर करून रडतंय, अगदी माणसाच्या बाळासारखं रडतंय. आणि त्या दिवशी संध्याकाळी मोठी भरती होती.

आता नियम काय? दोरीवरच्या फळीवर हिल्डाच्याच अक्षरात लिहिलेला आहे. पिल्लू एकटं दिसलं तर लांब उभं राहा. पूर्ण एक दिवस वाट बघा. आई पाण्यात गेलेली असते. हात लावू नका, आई वासावरून ओळखते.

"दुपारपर्यंत तरी थांब," क्लाइव्ह म्हणाला. "नियम आहे."

"कुणाची वाट बघू रे? ती तिकडं मरून पडलीय! भरती आली की हे वाहून जाणार. तू थांब तुझ्या नियमासोबत."

आणि तिनं दोरी ओलांडली. खांद्यावर इनचा टॉवेल होता, तो पिल्लावर टाकला, गुंडाळलं, उचललं. पिल्लू फिसकारलं, तिच्या बाहीला चावलं. तिनं सोडलं नाही. छातीशी धरून टेकडी चढून वर गाड्यांच्या तळावर आली, माशांच्या खोक्यात ठेवलं आणि सीलच्या दवाखान्याला फोन लावला. व्हॅन दीड तासात येते म्हणाले. पाहुणे गोळा झाले. कुणी डोळे पुसतंय, कुणी हिल्डाच्या पाठीवर हात ठेवतंय, वाचवलंत हो तुम्ही, वाचवलंत.

मिसेस पॅजेट म्हणून एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या, दरवर्षी येणाऱ्या. त्या तेवढ्या दुर्बीण लावून खाली बघत होत्या.

"हिल्डा," त्या म्हणाल्या, "ती खळग्यात कोण चाललीय मग?"

"कोण?"

"मानेला गोल वण आहे बघ."

हिल्डानं दुर्बीण घेतली. आधी नुसतंच आभाळ दिसलं, मग वाळू, मग ती. ओली, जाडजूड, पाण्यातून नुकतीच वर आलेली. पोटावर सरपटत थेट खळग्यात. मेबल! जिवंत. तिनं खळग्यात नाक खुपसलं, इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं, आणि मान वर करून थांबली.

हिल्डानं दुर्बीण मिसेस पॅजेटच्या हातात कोंबली.

मग जी पळापळ झाली! क्लाइव्ह, आयुष्यात कधी न धावलेला क्लाइव्ह, खोकं घेऊन टेकडीवरून धावला. हिल्डा मागोमाग. पिल्लाला खळग्यापासून दहा पावलांवर ठेवलं. टॉवेल काढला, आणि तेव्हा हिल्डाला वास आला. टॉवेलाचा. लॅव्हेंडरचा साबण, कपडे मऊ करायचं ते पाणी, इनच्या सगळ्या कपड्यांना येतो तो. पिल्लू नखशिखांत त्या वासानं भरलेलं.

"वाळूत लोळवू का त्याला? शेवाळ चोळू?"

"आता हात लावू नकोस!" क्लाइव्ह पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. "मागे हो. मागे हो म्हणतो ना!"

मेबल आली. पिल्लू रडत तिच्याकडे सरकलं. तिनं हुंगलं, आणि झटकन मान मागे घेतली. परत हुंगलं. फिसकारली. पिल्लू पोटाशी घुसायला लागलं तर तिनं दात दाखवले, पुढच्या पंजानं फटका मारला, पिल्लू कोलमडलं. आणि ती वळून सरळ पाण्यात गेली.

तेवढ्यात वर व्हॅन लागली.

"थांबूया," क्लाइव्ह म्हणाला. "वास उडेल. येईल ती. निदान आता तरी थांब, बाई माझे."

"उपाशी आहे रे ते! भरती येतेय! तिनं मारलं त्याला, दिसलं नाही तुला?"

व्हॅनमधला माणूस दोघांकडे बघत राहिला. म्हणाला, पिल्लाला ओळखणाऱ्या तुम्हीच, तुम्ही सांगा. आणि हिल्डानं सांगितलं, "न्या."

पिल्लू गेलं.

साडेतीनला, उजेड कमी व्हायला लागला तेव्हा, मेबल परत आली.

हिल्डा टेकडीवरच बसून होती. उठली. मेबल पिल्लू जिथं कोलमडलं होतं तिथं गेली, वाळू हुंगत राहिली, पंजानं उकरत राहिली. दात नाही, फिसकारणं नाही. हिल्डानं तिथूनच व्हॅनवाल्याला फोन लावला.

"परत आणा! ती आलीय, घेतेय ती, आणा!"

"बाई, नळीनं पाजलंय त्याला, औषध टोचलंय. आता आत घेतलेलं पिल्लू परत किनाऱ्यावर सोडत नाहीत. जगेल ते, काळजी करू नका."

जगेल. हो, जगलंही पुढे. दवाखान्यात वाढलं, वसंतात समुद्रात सोडलं. पण ते पुढचं झालं.

भरती खळग्यापर्यंत आलीच नाही त्या दिवशी. दहा-बारा हात अलीकडेच थांबली.

वॉली तिला घरी न्यायला आला. एरवी टोमण्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस, पण त्यानं आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला. मग म्हणाला, "हिल्डे, चल. गारठशील."

"मी बघितलंच नाही रे त्या मेलेलीचं तोंड," ती म्हणाली. "तोंड नव्हतंच तिला. आणि मी सांगून मोकळी झाले."

दुसऱ्या दिवशी तिनं जाकीट क्लाइव्हच्या हातात दिलं. ज्यानं पिल्लाला हात लावला तो त्या हंगामात वाळूवर नाही, हाही नियम तिचाच. क्लाइव्हनं घेतलं, घडी घातली, मान डोलावली. नको म्हणाला नाही.

मेबल तीन दिवस खळग्यात होती. हाका मारत होती. लांब, उंच, मग खाली उतरत जाणारा सूर. वाऱ्यावरून तो इनच्या खिडकीपर्यंत यायचा.

तिसऱ्या सकाळी नवे पाहुणे आले, एक तरुण जोडपं. नाश्त्याला बसल्या बसल्या त्यातली मुलगी एकदम थांबली, काटा हातात तसाच.

"ऐका ना! काय गोड गातेय! सील गातात?"

वॉली चहा ओतता ओतता थबकला. हिल्डा स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात तवा. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं तवा ठेवला, ॲप्रनला हात पुसले, खुर्ची ओढली आणि त्या दोघांसमोर बसली.

"गात नाहीये ती," हिल्डा म्हणाली. "पिल्लाला हाक मारतेय. ते मी नेलं."