गार तळवा

पोट तपासण्याचा पहिला धडा कोणता असावा? या प्रश्नाचे उत्तर मला पोटदुखीसाठी वॉर्डात दाखल झालेल्या सखूबाईंनी दिले. माझ्या विद्यार्थिनीने त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहराच उतरला.

"मॅडम, पोट कडक लागतंय. ऑपरेशन करावं लागेल का?"

सखूबाई हसल्या. "अगं बाई, हात आहे की बर्फ? पोट आखडंल नाही तर काय!"

विद्यार्थिनीने तळवे चोळून पुन्हा हात ठेवला. पोट मऊ होते. तिचा चेहराही सैलावला.

तेव्हापासून माझा वर्ग तळवे चोळूनच सुरू होतो. आपण रुग्णाला तपासतो, त्याआधी त्याचे शरीर आपला स्पर्श तपासून घेते. गार पाण्यात हात बुडवून तो स्वतःच्या पोटावर ठेवा आणि खात्री करून घ्या.