पिशवीत नारळ

असिलिन अक्का रागीट आहे असं अख्खं मोदरवत्त गाव म्हणतं. मी म्हणते, रागीट आहे म्हणून टिकली. नीट बोलता येत नव्हतं तेव्हापासून आईच्या मागे खड्ड्यांवर जायची, ती आज सत्तरी उलटली तरी जाते. खाजणाच्या काठावरच्या खड्ड्यात नारळाची सोडणं चिखलाखाली दाबून ठेवायची, नऊ महिन्यांनी कंबरभर काळ्या पाण्यात उतरून उपसायची, डोक्यावरून घरी आणायची, दांडक्याने बडवायची, काथ्या पिंजायचा आणि सुंभ वळायचा. नवरा सिरिनेरिस समुद्रावर कमी आणि ताडीच्या दुकानात जास्त असे. तो मेला तेव्हा त्याच्या शवपेटीसमोर उभी राहून ती त्याला जे बोलली, ते ऐकून पिरिताचा पाठ म्हणायला आलेले भिक्खूही खाली बघायला लागले. दोन मुली तिने त्या सुंभावर वाढवल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तिचा तर अजून जळालेलाही नाही.

दिकवेल्ला आणि तंगाल्लेच्या मधे, मोठ्या रस्त्याच्या वळणावर माझं चहाचं दुकान आहे. दुकानाच्या कडेने एक पायवाट नारळीच्या बागेतून खाजणाकडे उतरते. बाग कोलंबोच्या एका घराण्याची. त्यांना बाग आहे एवढं ठाऊक होतं, वाट आहे हे ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला ती वाट सोडून दुसरं काही ठाऊक नव्हतं. खाली खड्डे, पलीकडे वाळू, मग समुद्र. त्या जागेला आम्ही नाव दिलेलं नाही. ‘खड्ड्यांवर गेलीय’ म्हटलं की झालं.

आता आमच्याकडची एक खोड. रस्त्यात कुणी भेटलं की आम्ही विचारतो, ‘कोहेदा यन्ने?’, म्हणजे कुठं चाललीस? उत्तर कुणाला हवं असतं? उगाच चौकशी करणाऱ्याच्या तोंडावर मारायचं एक ठरलेलं उत्तर आहे: ‘मल्ले पोल.’ पिशवीत नारळ. प्रश्न काय, उत्तर काय! पण त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो, की बाई गं, तुला काय करायचंय, चालू लाग.

अन्नेकेला कळला नाही.

ही अन्नेके हॉलंडची. वेलिगामाला लाटांवर फळी घेऊन झोपायला आलेली, आणि मग तिथेच खोली घेऊन राहिलेली. एकदा दुपारी माझ्या दुकानात कोरा चहा आणि गुळाचा खडा घेऊन बसली होती. तेवढ्यात असिलिन अक्का डोक्यावर सोडणांचं पोतं घेऊन वाटेला लागली. ऊन असं की कावळासुद्धा ओरडेना. अन्नेके टुणकन उठली, नुकतंच शिकलेलं वाक्य तिला वापरायचं होतं. दात काढून म्हणाली, ‘कोहेदा यन्ने?’

अक्काने मानही वळवली नाही. ‘मल्ले पोल!’ म्हणाली आणि खाली उतरली.

‘मल्ले पोल,’ अन्नेकेने मोठ्याने म्हणून पाहिलं, फोनमध्ये लिहिलं, आणि हसत हसत अक्काच्या मागोमाग गेली. मी पाहत होते. मला वाटलं, खड्ड्यांचा वास आला की येईल परत. पण तेव्हा खड्डे भरायचे दिवस होते, उपसायचे नव्हे, त्यामुळे वास नव्हता. ती संध्याकाळपर्यंत तिथेच पोहत बसली.

पुढच्या हंगामात पुस्तक आलं. गॉलपासून तंगाल्लेपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या गावांची सफर, ‘एका रहिवाशाच्या नजरेतून’. माझी मुलगी नदीशानी मातारात शाळेत शिकवते, तिने मला ते वाचून दाखवलं आणि माझं डोकं तापत गेलं. गॉलला म्हणे तटावर बसून सूर्यास्त पाहा. आमची माणसं गॉलला जातात ती कोर्टाच्या तारखेला, नाहीतर कुणाला दवाखान्यात ठेवलं म्हणून. सूर्यास्त होईस्तोवर शेवटची बस निघून जाते. वेलिगामाला तीन पानं, आणि तिन्ही पानांत कॉफी. देविनुवरच्या देवळाला दोन ओळी, त्यातली एक माकडाबद्दल. आणि मातारा? ‘इथे पाहण्यासारखं काही नाही, बस बदला आणि पुढे चला.’ अगं बाई! मातारात आमचे दात काढले जातात, लग्नाच्या साड्या घेतल्या जातात, मुलींची बाळंतपणं होतात. आयुष्यातलं जे काही घडायचं ते आमचं मातारात घडतं, आणि हिला पाहण्यासारखं काही नाही! तंगाल्लेच्या रस्त्यावरचं म्हशीचं दही आणि काकवी तेवढी आवडली. तीही म्हणे जरा गोडच.

रहिवासी म्हणे. कानामागून आली आणि तिखट झाली.

आणि सगळ्यात शेवटी, मोठ्या अक्षरात: ‘मल्ले पोल. स्थानिक लोक गुपचूप जातात तो किनारा. निर्मनुष्य. चहाच्या दुकानाशेजारून वाट आहे.’

आम्ही हसून हसून मेलो. पाठीवर झोळ्या घेतलेली गोरी पोरं बसमधून उतरून ‘मल्ले पोल? मल्ले पोल?’ विचारायची आणि आमची टवाळ पोरं गंभीर चेहऱ्याने बोट दाखवायची. बसचा कंडक्टर माझ्या दुकानापाशी आला की दारात लटकून ओरडायचा, ‘मल्ले पोल, मल्ले पोल, उतरा!’ आणि अख्खी बस खिदळायची. माझा चहाही खपला, खोटं कशाला बोलू. एकटी असिलिन अक्का हसली नाही.

‘हसा,’ म्हणाली. ‘माझ्या शिवीला गाव केलंय त्यांनी. उद्या त्या गावाला मालक येईल, मग कसे हसता बघते.’

मालक आला. कोलंबोच्या घराण्याने बाग विकली. घेणाऱ्या कंपनीने आधी कुंपण घातलं, मग नारळी तोडल्या, मग नारळाच्याच झावळ्यांची छपरं करून बंगले बांधले. वाटेच्या तोंडावर लोखंडी फाटक, फाटकावर सागवानी पाटी: ‘मल्ले पोल. फक्त पाहुण्यांसाठी.’ आयत्या बिळावर नागोबा तर येतातच, पण हा नागोबा बिळाचं नावही आमच्याकडूनच घेऊन आला. कंडक्टर अजून ओरडतो, पण आता बसमध्ये कुणी हसत नाही. ते थांब्याचं नाव झालं आहे.

खड्डे मात्र कुंपणाच्या बाहेर, खाजणाच्या सरकारी काठावर. ते कुणी विकत घेऊ शकत नाही. फक्त तिथे जायचं कुठून, एवढाच प्रश्न. अक्काची आणि आणखी चार बायकांची वर्षाची सोडणं त्या चिखलाखाली होती. वेळेवर उपसली नाहीत तर काथ्याचा लगदा होतो, मग त्याचा सुंभ काय, वातसुद्धा वळता येत नाही.

अक्का गावच्या अधिकाऱ्याकडे गेली. तो बिचारा तिला वरच्या कचेरीत घेऊन गेला. तिथला साहेब म्हणाला, ‘आच्ची, आजीबाई, नकाशात ही वाटच नाही.’

‘नकाशात मीपण नाही,’ अक्का म्हणाली. ‘तरी तुझ्या टेबलापुढं उभी आहे ना?’

साहेबाने अर्ज ठेवून घेतला. तो अजून ठेवलेलाच आहे.

त्याच आठवड्यात अन्नेके दुकानात आली. हातात पुस्तक, त्याला लाल रिबीन. असिलिन अक्का बाकावर बसली होती, तिच्यासमोर जाऊन तिने दोन्ही हातांनी पुस्तक धरलं. ‘तुमच्यासाठी. तुम्ही मला नाव सांगितलं. मी... खूप आभार.’

अक्काने पुस्तक घेतलं नाही. ‘चंद्रा,’ मला म्हणाली, ‘हिला विचार, ही कोण आपली?’

‘मी इथं राहते,’ अन्नेके आमच्या भाषेत म्हणाली. तेवढं तिला चांगलं येत होतं. ‘मी इथलीच.’

‘इथली?’ अक्का उठली. ‘इथली आहेस तर तुझ्याशी अजून कुणी भांडलं कसं नाही? तुझ्या दारात येऊन कुणी तुझा बाप काढला? तुझी कोंबडी कुणी पळवली? कुणाच्या मयताला तू भात शिजवलास? इथं राहायचं म्हणजे काय असतं, ठाऊक आहे का तुला? मी तुला ‘चालू लाग’ म्हटलं होतं गं, चालू लाग! तू त्याची पाटी केलीस!’

अन्नेकेला सगळं कळलं नाही, मग मीच सांगितलं. मल्ले पोल म्हणजे काय, ते चांगलं उलगडून सांगितलं. मलाही चीड होती. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘पुढच्या आवृत्तीत मी बदलते. खरं नाव सांगा, मी तेच लिहिते.’

‘ऐकलंस?’ अक्का म्हणाली. ‘अजून एक नाव पाहिजे हिला!’

पोरगी वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, मनापासून शिव्या तरी घालता आल्या असत्या. रडत बसमध्ये चढली. पुस्तक बाकावर विसरली, का ठेवून गेली, कोण जाणे. त्याच्या पानांत मी वडे बांधून दिले.

बंगल्यांचं उद्घाटन ज्योतिष्याने काढून दिलेल्या मुहूर्तावर होतं. आमच्याकडे खिळा ठोकायलाही मुहूर्त लागतो. सकाळी मोठी पितळी समई पेटवायची, दूधभाताच्या वड्या कापायच्या, कोलंबोचे पाहुणे, परदेशी पाहुणे, सगळे पांढऱ्या कपड्यांत. आदल्या दिवशी अक्का माझ्याकडे आली.

‘चंद्रा, उद्या दुकान बंद ठेव.’

‘का?’

‘सोडणं पिकलीत. मुहूर्तही चांगला आहे.’

फाटकातून नाही गेलो. मोठ्या रस्त्याच्या पुलाखालून खाजणात उतरलो, छातीपर्यंत पाण्यातून, हातात विळे घेऊन पाचही बायका आणि मी. तिकडे शंख वाजला, आणि इकडे अक्काने पहिल्या खड्ड्यावरचा चिखल बाजूला सारला.

ज्यांनी तो वास घेतलेला नाही त्यांना काय सांगू? हजार अंडी एकदम नासली तर येईल तो वास. आम्ही त्यातच जन्मलो, आमच्या नाकाला तो लागतही नाही. दुसरा खड्डा उघडला, तिसरा उघडला, आणि वारा समुद्रावरून बंगल्यांकडे होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आधी एकमेकांकडे संशयाने बघायला लागली. मग पदर, रुमाल, नाकं. एक गोरे आजोबा दूधभाताची बशी घेऊन पळताना मी डोळ्यांनी पाहिले.

कंपनीचा व्यवस्थापक शेहान कुंपणापर्यंत धावत आला. कोलंबोचा पोरगा, आमची भाषा इंग्रजीतून उतरवल्यासारखी बोलतो. ‘हे काय चाललंय? बंद करा ते!’

‘सोडणं काढतोय,’ अक्का म्हणाली. ‘तुझ्या जागेत पाऊल टाकलेलं नाही, बघून घे.’

‘किती वेळ चालेल हे?’

‘पाण्यातून एकेक ओझं न्यायचं म्हणजे आता सणापर्यंत चालेल. नव्या वर्षाचा दूधभातही तुम्ही याच वासात खा.’

त्याने मागे वळून पाहुण्यांच्या मोटारी मोजल्यासारख्या पाहिल्या. ‘आणि फाटकातून नेलं तर?’

‘आज संपेल.’

फाटक उघडलं. आम्ही पायवाटेवरून ओझी वाहिली. वाट आता फरशीची झाली होती आणि दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब होते. काळं पाणी डोक्यावरून गळत होतं आणि फरशीवर आमच्या पावलांचे ठसे उमटत होते. कुणी अडवायला पुढे आलं नाही, येण्याची ताकद कुणात नव्हती. संध्याकाळी शेहानने विचारलं, ‘झालं ना? आता मी फाटक लावतो.’

‘लाव की,’ अक्का म्हणाली. ‘पण रिकामा खड्डा भरलेल्याहून जास्त वास मारतो. नवी सोडणं टाकून वर चिखल दाबल्याशिवाय वास बसायचा नाही.’

मी ओठ चावला. धादांत खोटं होतं ते. दोन दिवस कडक ऊन मिळालं की रिकाम्या खड्ड्याचा वास आपोआप मरतो. पण दोन दिवस थांबायची छाती तिथे कुणाची होती? दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कंपनीचीच छोटी लॉरी माझ्या दुकानामागे आली, सगळ्या गावाची सोडणं तिने फाटकातून आत नेली, आणि शेहान स्वतः उभा राहून ओरडत होता, ‘भरा, लवकर भरा!’

म्हणून कुणी समजू नये की आम्ही जिंकलो. पाटी आहे तिथेच आहे. कचेरीतला अर्ज आहे तिथेच आहे. नारळी परत उभ्या राहिल्या नाहीत आणि माझ्या पोटातला राग तसूभरही कमी झालेला नाही. ज्या वाटेवरून अक्काची आजी विनासायास जायची, त्या वाटेवरून जायला या वयात तिला असं घाणीचं भांडण करावं लागलं, याची लाज कुणाला तरी वाटायला हवी होती. ती कुणालाही वाटली नाही.

खड्डे भरून, चिखल दाबून झाल्यावर असिलिन अक्का पाहुण्यांच्या नळावर पाय धूत बसली. चांगला अर्धा तास धूत बसली. शेहान घड्याळ बघत फाटकाशी उभा होता. ‘आता संपलं ना सगळं?’ त्याने विचारलं.

‘संपलं? आत्ता तर दाबलीत,’ अक्का म्हणाली. ‘नऊ महिन्यांनी पिकतील.’

शेहानने एकदा खड्ड्यांकडे पाहिलं, एकदा हातातल्या कुलपाकडे. अक्काने कमरेचं कापड झटकलं, रिकामं पोतं खांद्यावर टाकलं, आणि शेजारणीकडून उठताना बोलावं तशा गोड आवाजात त्याला ‘साहेब’ करून म्हणाली, ‘बरं महत्तया, जाऊन येते.’