मामांचं डिझेल

माझ्या बायकोच्या मामांनी सिंगापुरात जेवढं डिझेल वाचवलं, तेवढं एखाद्या वाळवंटी देशाच्या पोटातही सापडणार नाही. आणि ते वाचवण्यासाठी जेवढं जाळलं, ते त्याहून थोडं जास्तच असावं. हे मामा सोडून आम्हा सगळ्यांना कळत होतं. मामींना तर फारच चांगलं कळत होतं, पण लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याबद्दल जे जे कळतं ते सगळं बोलून दाखवायचं म्हटलं तर स्वयंपाक कधी करायचा, असं त्या म्हणत.

मामा मूळचे जहाजबांधणीतले इंजिनिअर. पुण्याहून ऐन उमेदीत इथे आले, स्थायिक झाले, सेरंगूनला फ्लॅट घेतला. मग बावन्नाव्या वर्षी त्यांचा अख्खा विभाग कंपनीने बंद केला. वर्षभर त्यांनी अर्ज केले, मुलाखती दिल्या, केस काळे केले. शेवटी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली आणि मराठी घरांना पोहे, भाजणी, आमसुलं, ज्वारीचं पीठ पोहोचवायला सुरुवात केली. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ऑर्डर यायच्या आणि मामा पिशव्या घेऊन दारात उभे राहायचे. धंदा खरंच बरा चालला होता. मग एके दिवशी डिझेल महागलं आणि मामांच्या डोक्यात इंजिनिअर जागा झाला.

पहिल्यांदा व्हॅनचा एसी बंद झाला. सिंगापूरच्या उकाड्यात मामा गळ्यात ओला पंचा टाकून गाडी चालवू लागले. मग वजनाचा नंबर लागला. गाडीतली पायपुसणी गेली, मागची सीट गेली. एकदा मी त्यांच्याबरोबर चोआ चू कांगला निघालो होतो, तर ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही आत्ता जेवून निघताय की तिकडे पोचल्यावर जेवणार?" मला वाटलं आपुलकीने विचारताहेत. "तिकडेच जेवा," ते म्हणाले, "उगाच भरलेलं पोट एवढं लांब वाहून न्यायचं कशाला?" डिझेल भरायचं ते भल्या पहाटे, कारण थंडीत ते आकसतं आणि त्याच मापात जास्त बसतं, असा त्यांचा सिद्धांत होता. आता सिंगापुरात पहाट आणि दुपार यांच्यात फरक असतो तो फक्त उजेडाचा. पण मामा पाच वाजता उठून पंपावर हजर. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली. ती एकदा वैतागून इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, जस्ट पंप लाह! व्हाय सो ड्रामा?" मामा शांतपणे म्हणाले, "ड्रामा नव्हे बाळा, फिजिक्स."

पण खरा कहर झाला तो गोदामाच्या सभासदत्वाने. बेटाच्या पार पश्चिम टोकाला एक दुकान निघालं होतं. दुकान कसलं, विमानांचा हँगरच. वर्षाची फी भरून सभासद व्हायचं, सगळं घाऊक मापात घ्यायचं, आणि ठरावीक खरेदी केली की शेजारच्या पंपावर डिझेलला घसघशीत सवलत. मामांनी ते माहितीपत्रक पोथीसारखं वाचलं. सेरंगूनहून तिथे जायचं म्हणजे निम्मं सिंगापूर ओलांडायचं. "जाऊन येऊन किती डिझेल लागेल हो?" मामींनी विचारलं. "ते स्वस्तातलं असेल ना!" मामा म्हणाले. या उत्तरावर मामी जाऊन देवासमोर बसल्या.

मग घरात घाऊक मापं यायला लागली. बिनअंड्याच्या मेयोनीजची बादली आली. खरोखरीची, कडी असलेली बादली. मामींनी ती गणपतीतल्या कोशिंबिरीपर्यंत पुरवली. टॉयलेट पेपरचे इतके गठ्ठे आले की मुलगी त्यांच्यावर वह्या ठेवून अभ्यास करायची. एकदा सवलतीला थोडी खरेदी कमी पडत होती म्हणून मामांनी टूना माशाचे चाळीस डबे उचलले. घर शाकाहारी! पुढे महिनाभर इमारतीखालच्या मांजरी मामा दिसले की उठून उभ्या राहायच्या. वर दुप्पट सवलतीसाठी मामांना माझ्याही नावाचं कार्ड हवं होतं. पण ते एका घरात राहणाऱ्यांनाच मिळे. काउंटरवरच्या चिनी आंटीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "धिस वन युअर सन-इन-लॉ? स्टे विथ यू मेह?" मामा ठामपणे म्हणाले, "येस. घरजावई." तो शब्द तिला कळला नाही, पण मामांच्या चेहऱ्याकडे बघून तिला दया आली असावी. कार्ड मिळालं. त्यावरच्या फोटोत मी नुकत्याच पकडल्या गेलेल्या माणसासारखा दिसतो.

इथवर आम्ही हसत होतो. मग मामांनी ठरवलं की एका ऑर्डरसाठी गाडी काढायची नाही. एका दिशेच्या पाच ऑर्डरी जमल्या तरच निघायचं. पूर्वेकडच्या एका बाईंनी उकडीच्या मोदकांसाठी तांदळाची पिठी मागवली होती. मामा उरलेल्या चार ऑर्डरींची वाट बघत बसले आणि पिठी पोचली तेव्हा गणपती विसर्जन होऊन दोन दिवस उलटले होते. त्या बाई ग्रुपमधून बाहेर पडल्या, एवढंच. त्यांच्या पाठोपाठ हळूहळू बाकीचेही गेले. जितकी गिऱ्हाइकं कमी, तितक्या पाच ऑर्डरी जमायला उशीर. जितका उशीर, तितकी गिऱ्हाइकं कमी. मी त्यांना एकदा स्पष्टच म्हणालो, "मामा, डिझेल वाचतंय पण धंदा चाललाय हातचा." ते म्हणाले, "या महिन्यात टाकी दोनदाच भरली, जावईबापू!" आणि त्यांच्या डोळ्यांत असा आनंद होता की मी टाळीसाठी हात पुढे केला.

त्या वर्षाच्या अखेरीला मला कळलं की व्हॅनचा परवाना संपत आलाय. इथे गाडीला दहा वर्षांचा परवाना असतो. तो संपला की पुन्हा गाडीएवढे पैसे मोजून नवा घ्या, नाहीतर गाडी मोडीत काढा. मामांना ही तारीख व्हॅन घेतली त्या दिवसापासून माहीत होती. साऱ्या आयुष्यात वाचवलेलं डिझेल विकलं असतं तरी त्या परवान्याचा कोपरा आला नसता. मी विचारलं, "मग इतकी वर्षं हे सगळं कशासाठी, मामा?" त्यांनी गळ्यातला पंचा पिळला. म्हणाले, "नोकरी गेली तेव्हा मला कोणी विचारलं नाही. हा परवाना कितीला निघणार ते मला विचारून ठरत नाही. पोरीच्या फीचंही तेच. मग मला रोज सकाळी उठून करण्यासारखं काहीतरी नको का?"

त्याच सुमारास ते गोदामही बंद पडलं. मामांनी कार्ड परत द्यायला जायचं म्हटलं, तर द्यायला तिथे कोणी नव्हतं.

व्हॅन मोडीत द्यायच्या दिवशी मामींनी मला सोबत बोलावलं. मामांनी आठवडाभर हिशेब केला होता : गाडी मोडीच्या आवारात पोचली पाहिजे आणि टाकीत थेंब उरता कामा नये. सुंगेई काडुटच्या कारखान्यांमधून जाताना गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. आवाराचं फाटक समोर दिसत होतं. असेल तीनशे पावलांवर. मामांचं गणित आयुष्यात एवढं जवळ कधी आलं नव्हतं.

मागून एक लॉरी थांबली. त्यातून एक म्हातारा चिनी ड्रायव्हर उतरला. "अंकल, डिझेल फिनिश आह? माय लॉरी गॉट कॅन. टेक लाह, नो नीड पे." आणि त्याने डिझेलचा डबा काढून मामांच्या पुढ्यात ठेवला. फुकट. कार्ड नाही, खरेदी नाही, काही नाही.

मामा त्या डब्याकडे बघत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "नो, नो. थँक्यू." मी म्हणालो, "अहो मामा, घ्या की!" ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नको हो. उरलं तर वाया जाईल."

म्हणून मग आम्ही व्हॅन ढकलली. मामींना गाडी चालवता येत नव्हती, तरी त्या स्टिअरिंगवर बसल्या आणि दोन्ही हातांनी ते आवळून "उजवीकडे की डावीकडे? अहो, सांगा ना!" असं ओरडत राहिल्या. मागे मामा, मी आणि डबा परत ठेवून आलेला तो म्हातारा ड्रायव्हर. रणरणत्या उन्हात मामा ओरडत होते, "सरळ! अगं, फक्त सरळ!" फाटकाशी पोचलो तेव्हा आम्ही चौघंही हसत होतो. कारकुनाने कागदावर सह्या घेतल्या, चावी घेतली आणि व्हॅनच्या काचेवर खडूने एक आकडा लिहिला. तेव्हा हसू थांबलं.

पुढे दोन महिन्यांत मामा-मामी पुण्याला परतले. मुलगी आमच्याकडे राहून शिकली. मामा आता फोनवर प्रकृतीबद्दल बोलतात, हवेबद्दल बोलतात. बाकी विषय काढत नाहीत, आणि मीही काढत नाही.

व्हॅन मोडीत दिली त्या दिवशी आम्ही बसने परत निघालो. मामा खिडकीशी बसले होते. दोन थांबे गेले नाहीत तोच त्यांची मान कलली आणि मामींच्या खांद्यावर टेकली. इतक्या वर्षांत मी त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. आमचा उतरायचा थांबा आला. मी उठणार, तेवढ्यात मामींनी मान हलवून मला बसायला सांगितलं. बस पुढे गेली. पुढचाही थांबा गेला, त्याच्या पुढचाही. बसमधली माणसं उतरत गेली, आणि मामी खांदा जराही न हलवता समोर बघत बसून राहिल्या, शेवटच्या थांब्यापर्यंत.