म आणि प

अक्कलदाढ काढली आणि खालचा ओठ उजवीकडे बधिर झाला. संध्याकाळपर्यंत उतरेल, असं डेंटिस्टने सांगितलं होतं. आठवडा उलटला तरी दाढी करताना तिथे दुसऱ्याच कुणाचा तरी ओठ असल्यासारखं वाटायचं. पुन्हा दाखवायला गेलो तर म्हणाली, नस दुखावली असेल, संवेदना परत यायला महिनेही लागू शकतात. 'आणि नाही आली तर?' हे मी विचारलंच नाही.

इथे ऑस्ट्रेलियात, गुंगालिनमध्ये पोटासाठी आयटी करतो, पण माझी खरी ओळख कर्नाटकी बासरीवाला अशीच. त्या बासरीचं भोक टेकतं ते नेमकं याच ओठावर. बायको झोपलेली असताना एकदा वाजवून पाहिलं. नुसता वारा गेला. बासरी तिच्या पेटीत ठेवून कडी लावली आणि घाबरून कुणालाच काही बोललो नाही. बायकोला वाटलं, टाके दुखताहेत.

रविवारी बासरीच्या सरांचा व्हिडिओ कॉलवर क्लास. सर तमिळ, पण माटुंग्यात वाढलेले. रागावतात ते मराठीतच. त्यांचा नियम असा की कुठलीही ओळ आधी गाऊन दाखवायची, मगच बासरीला हात लावायचा. मी त्याचाच आडोसा घेतला. शब्द पक्के करायचेत म्हणत दोन रविवार नुसता गात राहिलो. सर काही बोलले नाहीत, म्हणून मी स्वतःवर खूशही झालो. गाढवच मी.

तिसऱ्या रविवारी सरगम चालू असताना त्यांनी थांबवलं.

"तुझा म आणि प दोन रविवार झाले सैल पडतायत. ओठाला काय झालंय?"

मला रडूच कोसळलं. सगळं सांगितलं. "घाबरू नकोस," असं ते म्हणतील असं वाटलं होतं. तसं ते म्हणाले नाहीत. "उद्या सकाळी फोन करतो," इतकंच म्हणाले, आणि माझी भीती दुप्पट झाली.

तेव्हापासून ते रोज सकाळी फोन करतात. म म्हण, प म्हण, एवढंच. ऐकतात, "उद्या" म्हणतात आणि ठेवून देतात.

काल म म्हटला, प म्हटला. पलीकडून "उद्या" आलं नाही.

"परत म्हण."

परत म्हटलं. ओठ घट्ट मिटले.

"बासरी घे," सर म्हणाले.

इतके दिवस न वाजवण्याला निदान कारण तरी होतं. आता नुसता वारा गेला तर दोष ओठाचा नसणार, माझा. पेटीची कडी माझ्या हाताने उघडेना.