लेडी इमोजेनला न मिळालेला आवाज

थॉर्नरिगच्या हवेलीत रेडिओ एकच होता, आणि तोही खाली आमच्या स्वयंपाकघरात. वर दिवाणखान्यात तो आणायला हवेलीचे मालक अर्लसाहेब यांची सक्त मनाई होती, कारण त्यातून त्यांची मुलगी बोलायची.

लेडी इमोजेन लंडनला रेडिओवर नोकरीला लागली तेव्हा मी हवेलीत भांडी घासत होते. बापलेकीचं भांडण जिन्यातच झालं, त्यामुळे ते सगळ्या घरानं ऐकलं.

"आपल्या घरातल्या बायका पगार घेऊन लोकांची करमणूक करत नाहीत," साहेब म्हणाले.

"मग मी पहिली," ती म्हणाली आणि स्वतःची बॅग स्वतःच उचलून चालती झाली.

दर गुरुवारी दुपारी तिचा कार्यक्रम असायचा. गावोगाव फिरून ती मेंढपाळांना, कोळ्यांना, खाणीतल्या माणसांना बोलतं करायची. चहाचे कप हातात धरून आम्ही ऐकत बसायचो. आमच्या स्वयंपाकीणबाई, मिसेस डॉड, यांनी तिला लहानाची मोठी होताना पाहिलेलं. "सर्दी झालीय पोरीला. मफलर घालायला नको हिला!" असं त्या रेडिओलाच रागवायच्या. आमच्या नॉर्थम्बरलंडचा कुणी माणूस भेटला की तिचा आवाज जरा मऊ व्हायचा. मग उगीचच विचारायची, "माळावर हेदर फुललं का हो यंदा?"

दुसरं महायुद्ध संपल्यावर एकदा ती ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन थेट हवेलीच्या दारात आली. तिला वडिलांचं बोलणं हवं होतं. घोड्यांबद्दल, मेंढ्यांबद्दल, कशाबद्दलही. तिचा निरोप सांगायला मी वर गेले. साहेब खिडकीपाशी उभे राहून खाली तिच्याकडेच बघत होते.

"जेवायला थांबणार असेल तर ताट मांडा म्हणावं," ते म्हणाले. "पण ते यंत्र फाटकाबाहेर."

मी तसंच सांगितलं. तिनं वर खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता. "माझ्याबरोबरची माणसंही उपाशी आहेत, मॅडी. त्यांना फाटकाबाहेर ठेवून मी कशी जेवू?" असं म्हणून ती गाडीत बसली. मिसेस डॉडनी धावत जाऊन मटणाची भाजलेली तंगडी गाडीच्या खिडकीतून आत दिली.

पुढे साहेब गेले. दफन झाल्यावर पाहुणे वर शेरी पीत होते, तेव्हा ती काळ्या कपड्यांत खाली आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"वर सगळे सांगताहेत, बाबा मला चोरून ऐकायचे म्हणे. खरं सांग, मॅडी."

"नाही, बाईसाहेब. गुरुवारी जेवण झालं की कुत्र्यांना घेऊन माळावर जायचे ते. तुमचा कार्यक्रम संपला की परत यायचे."

"पावसातसुद्धा?"

"बर्फातसुद्धा. मिसेस डॉड ओरडायच्या त्यांच्यावर."

ती बराच वेळ हातमोजा चुरगाळत राहिली. मग हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे वेळ पाठ होती त्यांना," ती म्हणाली.

वारसाकर भरण्यासाठी तिच्या भावानं हवेली विकली. घेणाऱ्यानं ती पाडून दगड विकून टाकले. निवृत्त झाल्यावर लेडी इमोजेन लंडनला राहील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तिनं इथे गावात, आमच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं. आता मी तिला नुसतं इमोजेन म्हणते. तिनंच हट्ट धरला. पहिले काही दिवस माझी जीभ वळत नव्हती.

तिच्या कपाटात ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या रचून ठेवल्यात. आमच्या भागातले कितीतरी आवाज आहेत त्यांत. माझा नवरा आहे, मिसेस डॉड आहेत. साहेब नाहीत.

"कुत्र्यांना हाक कशी मारायचे गं ते?" परवा चहा पिताना तिनं विचारलं.

मी घसा खाकरून मारून दाखवली.

"नाही, इतकी चढी नाही."

मी जरा खालच्या सुरात मारली. ती डोळे मिटून ऐकत होती. "जवळ आलीस," ती म्हणाली. "पण अजून तशी नाही. पुन्हा एकदा, मॅडी."